निवृत्तिवेतन अंशदानाचे नियम आणि उच्च उत्पन्न गटाचा सीमांत करदर : ब्रिटिश आयकर व्यवस्थेची एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही देशाची आयकर व्यवस्था अभ्यासताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम करदरांच्या तक्त्याकडे वळते. उत्पन्नाचे टप्पे आणि त्यासमोर छापलेले दर पाहिले की त्या व्यवस्थेचे स्वरूप कळले, असा समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. परंतु करविषयक कायद्यात सवलती, मर्यादा, अटी आणि अपवाद यांचे जे जाळे विणलेले असते, त्यामुळे तक्त्यातील दर आणि करदात्याच्या वाढीव उत्पन्नावर प्रत्यक्ष पडणारा भार यांत फार मोठी तफावत निर्माण होऊ शकते. ब्रिटनची आयकर व्यवस्था हे या तफावतीचे ठळक उदाहरण होय. तेथील तक्त्यात २०, ४० आणि ४५ टक्के असे तीनच दर आहेत. असे असताना काही करदात्यांना वाढीव उत्पन्नावर ६० टक्के, काहींना ८० टक्के, तर काहींना मिळविलेल्या रकमेपेक्षाही अधिक कर भरावा लागला आहे.

या तफावतीत निवृत्तिवेतनासाठी भरावयाच्या अंशदानाचे नियम मध्यवर्ती आहेत. एका बाजूने अंशदान हा चढ्या सीमांत दरातून सुटण्याचा राजमार्ग ठरतो, तर दुसऱ्या बाजूने अंशदानावरील मर्यादाच नवा आणि अधिक चढा दर निर्माण करतात. प्रस्तुत लेखात या दुहेरी परिणामाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन मुख्यतः इंग्लंडमधील वेतनधारकांपुरते मर्यादित आहे. स्कॉटलंडमध्ये वेतनावरील आयकराचे दर वेगळे असून तेथे प्रश्न अधिक तीव्र आहे, त्याचा उल्लेख ओघात येईल.

सीमांत दर : संकल्पना

एकूण कर भागिले एकूण उत्पन्न म्हणजे सरासरी करदर, आणि उत्पन्नात होणाऱ्या अल्प वाढीपैकी जो हिस्सा करात जातो तो सीमांत करदर. न्यायाचा विचार करताना सरासरी दर महत्त्वाचा असतो. परंतु आणखी काम करावे की नाही, बढती स्वीकारावी की नाही, रविवारची जादा पाळी घ्यावी की नाही, हे निर्णय सीमांत दरावर अवलंबून असतात. जेम्स मिरलीस यांनी १९७१ मध्ये इष्टतम आयकराचा जो सिद्धांत मांडला त्याचा गाभा हाच आहे. शासनाला व्यक्तीची क्षमता दिसत नाही, केवळ तिचे उत्पन्न दिसते. त्यामुळे उत्पन्नावर कर बसवताना व्यक्तीच्या प्रयत्नावर होणारा परिणाम हिशेबात घ्यावाच लागतो.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अंशदान करमुक्त, त्यावरील वाढ करमुक्त आणि निवृत्तीनंतर हाती येणारी रक्कम करपात्र, अशी 'सूट-सूट-कर' पद्धत ब्रिटनमध्ये आहे. तत्त्वतः ही करमाफी नसून कर पुढे ढकलणे होय. खर्चावर कर बसवावा, बचतीवर नाही, या विचाराशी ती जवळची आहे. निकोलस काल्डोर यांनी १९५५ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला आणि पुढच्याच वर्षी भारत सरकारच्या निमंत्रणावरून भारतीय करव्यवस्थेविषयीचा आपला अहवाल सादर केला. त्यातूनच भारतात १९५७ चा व्ययकर कायदा आला, अल्पजीवी ठरला आणि १९६६ मध्ये तो कर कायमचा संपुष्टात आला. ब्रिटनमध्ये मात्र व्ययकर कधीच आला नाही. त्याचे तत्त्व निवृत्तिवेतनाच्या दालनात तेवढे शिल्लक राहिले.

तक्त्यात नसलेला साठ टक्के दर

ब्रिटनमध्ये प्रत्येक करदात्याला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्यापुढे ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के, १,२५,१४० पौंडांपर्यंत ४० टक्के आणि त्यावर ४५ टक्के असा क्रम आहे. तत्कालीन अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी आर्थिक संकटानंतरची तूट भरून काढण्यासाठी एक तरतूद केली, ती एप्रिल २०१० पासून अमलात आली. उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर गेले की वरच्या प्रत्येक दोन पौंडांमागे करमुक्त मर्यादा एका पौंडाने कमी व्हावी, अशी ही तरतूद होती. १,२५,१४० पौंडांवर ती मर्यादा शून्य होते.

या तरतुदीचे अंकगणित साधे आहे. उत्पन्न १,००,००० वरून १,००,१०० झाले तर वाढीव शंभर पौंडांवर ४० टक्क्यांनी ४० पौंड कर लागतो. शिवाय करमुक्त मर्यादा ५० पौंडांनी घटल्याने तेवढी रक्कम करपात्र होते आणि तिच्यावर आणखी २० पौंड द्यावे लागतात. म्हणजे शंभरातील साठ पौंड आयकरात गेले. राष्ट्रीय विम्याची २ टक्के वर्गणी धरल्यास बासष्ट. १,२५,१४० ओलांडले की हाच दर ४७ वर उतरतो. स्कॉटलंडमध्ये या पट्ट्यातील मूळ दरच ४५ टक्के असल्याने आयकराचा परिणामी दर ६७.५ टक्के होतो.

उत्पन्न वाढते तसा दर वाढावा, हे प्रगतिशील करतत्त्व सर्वमान्य आहे. येथे मात्र दर ४२ वरून ६२ वर चढतो आणि पुन्हा ४७ वर येतो. दीड लाख मिळविणाऱ्यापेक्षा एक लाख दहा हजार मिळविणाऱ्याचा सीमांत दर अधिक का असावा, याचे तात्त्विक समर्थन आढळत नाही. शिवाय हा दर कोणत्याही परिशिष्टात छापलेला नाही. भारतात १९७३-७४ मध्ये अधिभारासह कमाल दर ९७.७५ टक्के होता. त्याची यथेच्छ टीका झाली आणि ती योग्यच होती, परंतु तो दर निदान कायद्यात उघडपणे लिहिलेला होता. संसदेला त्यावर चर्चा करता आली आणि तो कमीही करता आला. साठ टक्क्यांच्या दरावर असे मतदान कधी होत नाही, कारण नावापुरता तो अस्तित्वातच नाही.

एक लाखाची रेषा ही केवळ उताराची सुरुवात नाही, तो एक कडाही आहे. लहान मुलांच्या संगोपनखर्चासाठी मिळणारे शासकीय साहाय्य (प्रत्येक मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत) आणि इंग्लंडमध्ये नोकरदार पालकांना मिळणारे बालसंगोपनाचे विनामूल्य तास, हे दोन्ही लाभ आई किंवा वडील यांपैकी कोणा एकाचे उत्पन्न एक लाखाच्या वर गेले की संपूर्णपणे बंद होतात. दोघांचे उत्पन्न प्रत्येकी नव्वद हजार असेल तर मात्र लाभ सुरूच राहतो. दोन लहान मुले असलेल्या कुटुंबाला एका पौंडाच्या वेतनवाढीची किंमत हजारो पौंडांत मोजावी लागते.

अंशदान : सुटकेची वाट

वरील सर्व मर्यादा ज्या उत्पन्नावर मोजल्या जातात त्याला कायद्यात समायोजित निव्वळ उत्पन्न म्हटले आहे, आणि निवृत्तिवेतनाचे अंशदान त्यातून वजा होते. परिणामी एक लाख दहा हजार पौंड मिळविणाऱ्या व्यक्तीने दहा हजार पौंड निवृत्तिवेतनात भरले तर तिचे उत्पन्न एक लाखावर येते, पूर्ण करमुक्त मर्यादा परत मिळते आणि आयकरात सहा हजारांची बचत होते. दहा हजारांची ठेव तिला चार हजारांत पडते. निवृत्तीच्या वेळी यातील एक चतुर्थांश रक्कम (एकूण २,६८,२७५ पौंडांच्या कमाल मर्यादेत) करमुक्त मिळते. उरलेल्या साडेसात हजारांवर २० टक्के कर लागला तरी हाती साडेआठ हजार पडतात. गुंतवणुकीवर काहीही वाढ झाली नाही असे धरूनही रक्कम दुपटीहून अधिक झाली.

याची तुलना पंचवीस हजार पौंड मिळविणाऱ्या परिचारिकेशी करावी. तिने भरलेल्या शंभर पौंडांवर वीस पौंडांची सवलत मिळते आणि निवृत्तीनंतर तीही वीस टक्क्यांच्याच टप्प्यात असते. तिचा लाभ जवळजवळ केवळ त्या एक चतुर्थांश करमुक्त रकमेपुरता आहे. कर पुढे ढकलणे हे तत्त्व तिच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते. वरच्या गटाच्या बाबतीत मात्र ६० टक्क्यांनी मिळालेली सवलत आणि २० टक्क्यांनी भरावयाचा कर यांतील अंतर हे निव्वळ अनुदान ठरते. विशेष म्हणजे हे अनुदान द्यावे असे कोणीही ठरवलेले नाही. करमुक्त मर्यादा काढून घेण्याच्या नियमातून ते आपोआप निपजले आहे. श्रीमंतांवर अधिक कर बसवण्यासाठी केलेल्या तरतुदीनेच त्यांच्या निवृत्तिवेतनाला सर्वांत उदार सवलत मिळवून दिली, ही विसंगती या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

ही वाट सर्वांना सारखीच खुली नाही, हेही नमूद करावे लागेल. घरकर्ज फेडणाऱ्या, मुले लहान असलेल्या मध्यमवयीन व्यक्तीला दहा हजार पौंड पंचावन्नाव्या वर्षापर्यंत (एप्रिल २०२८ पासून सत्तावन्नाव्या) अडकवून ठेवणे परवडत नाही. ज्याच्याकडे आधीच शिल्लक आहे त्याला ते सहज शक्य होते. म्हणजे समान उत्पन्नाच्या दोघांपैकी संपत्ती असलेला कमी दराने आणि संपत्ती नसलेला अधिक दराने कर भरतो. ब्रिटनमधील चर्चेत या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

उतरती वार्षिक मर्यादा आणि रुग्णालयातील डॉक्टर

अशा उदार सवलतीवर शासन मर्यादा घालणार हे उघड होते. ६ एप्रिल २००६ रोजी एकत्रित नियम लागू झाले तेव्हा वर्षाला २,१५,००० पौंडांपर्यंत आणि आयुष्यभरात १५ लाख पौंडांपर्यंतच्या निवृत्तिवेतनास सवलत होती. वार्षिक मर्यादा पुढे २,५५,००० पर्यंत वाढली, २०११-१२ मध्ये एकदम ५०,००० वर आली आणि २०१४-१५ मध्ये ४०,००० झाली. आजीवन मर्यादाही १८ लाखांपर्यंत चढून २०१६ मध्ये १० लाखांवर उतरली. दहा वर्षांत इतके चढउतार झालेल्या नियमांवर तीस-चाळीस वर्षांचे नियोजन करण्याची अपेक्षा करदात्याकडून होती.

खरा पेच निर्माण झाला तो जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जुलै २०१५ मध्ये जाहीर केलेल्या आणि एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या उतरत्या वार्षिक मर्यादेमुळे. तिच्यासाठी दोन वेगळी उत्पन्ने मोजावयाची होती. पहिले उंबरठा-उत्पन्न : अंशदान वजा जाता उरणारे उत्पन्न, मर्यादा १,१०,००० पौंड. दुसरे समायोजित उत्पन्न : त्यात निवृत्तिवेतनातील वर्षभराची वाढही मिळवलेली, मर्यादा १,५०,००० पौंड. दोन्ही मर्यादा ओलांडल्या तर समायोजित उत्पन्नाच्या वरच्या प्रत्येक दोन पौंडांमागे ४०,००० ची वार्षिक मर्यादा एका पौंडाने कमी होऊन शेवटी १०,००० वर थांबे. मर्यादेबाहेरील रकमेवर करदात्याच्या सीमांत दराने कर लागे.

निश्चित अंशदान योजनेत, म्हणजे जेथे भरलेली रक्कम खात्यात जमा होते तेथे, हा हिशेब निदान आकलनीय होता. राष्ट्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टर मात्र निश्चित लाभ योजनेत आहेत. तेथे खाते नसते, मिळणाऱ्या वार्षिक निवृत्तिवेतनाचे वचन असते. त्या वचनात महागाईपेक्षा जी वाढ होईल तिची सोळा पट रक्कम ही त्या वर्षीची बचत मानली जाते. एखाद्या सल्लागार डॉक्टरच्या भावी निवृत्तिवेतनात वर्षभरात ३,१२५ पौंडांची वाढ झाली, तर त्याने ५०,००० पौंड बचत केली असे कायदा समजतो. त्या डॉक्टरच्या हाती त्या वर्षी यातील एक पैसाही आलेला नसतो.

एक काल्पनिक परंतु २०१८-१९ च्या नियमांनुसार काटेकोर उदाहरण घेऊ. डॉक्टरचे उंबरठा-उत्पन्न १,०९,९०० पौंड आहे आणि निवृत्तिवेतनातील मानीव वाढ ५०,००० पौंड. मागील तीन वर्षांतील न वापरलेली मर्यादा शिल्लक नाही. उंबरठा ओलांडलेला नसल्याने ४०,००० ची पूर्ण मर्यादा मिळते व १०,००० पौंडांवर कर लागतो. आता या डॉक्टरने एका शनिवारी जादा काम केले आणि २०० पौंड अधिक मिळविले. उंबरठा-उत्पन्न १,१०,१०० झाले. समायोजित उत्पन्न १,६०,१०० झाले, म्हणजे दीड लाखाच्या १०,१०० वर. वार्षिक मर्यादा ५,०५० ने घटून ३४,९५० झाली आणि करपात्र आधिक्य १५,०५० झाले. वाढलेल्या ५,०५० पौंडांवर ४० टक्क्यांनी २,०२० पौंड, आणि २०० पौंडांच्या कमाईवर पूर्वी सांगितलेल्या ६० टक्क्यांनी १२० पौंड, असे मिळून २,१४० पौंड कर. दोनशे मिळविण्यासाठी दोन हजारांहून अधिक द्यावे लागले. उंबरठा ओलांडल्यानंतरही प्रश्न संपत नाही. त्यापुढील प्रत्येक शंभर पौंडांवर ६० अधिक २०, म्हणजे ८० पौंड आयकर लागत राहतो.

या प्रसंगी दोनशे पौंडांचे खासगी अंशदान भरले असते तर डॉक्टर पुन्हा उंबरठ्याच्या आत आला असता, हे खरे. पण ते ५ एप्रिलपूर्वी, करवर्ष संपण्याच्या आत भरावे लागते. वाढीचे विवरणपत्र देण्याची योजनेवरील मुदत मात्र त्यानंतरच्या ६ ऑक्टोबरपर्यंत असते. औषध उपलब्ध आहे, पण रोगाचे निदान सहा महिन्यांनी होते. कर भरण्यासाठी रोख रक्कम नसेल तर योजनेनेच तो भरावा व त्या प्रमाणात निवृत्तिवेतन कायमचे कमी करावे, अशी सोय आहे. ती वस्तुतः व्याजी कर्जासारखीच आहे.

परिणाम व्हायचा तोच झाला. २०१८ व २०१९ मध्ये वरिष्ठ डॉक्टर जादा पाळ्या नाकारू लागले, काहींनी कामाचे तास घटविले, काही मुदतपूर्व निवृत्त झाले. ब्रिटिश वैद्यक संघटनेने हा विषय सातत्याने लावून धरला. सर्वसामान्य रुग्णासाठी याचा अर्थ शस्त्रक्रियेची प्रतीक्षा लांबणे असा होता. या सेवेत भारतात शिकलेले डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत, महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतून गेलेलेही आहेत. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही.

दुरुस्त्यांचा मार्ग

नोव्हेंबर २०१९ मध्ये, हिवाळ्यातील टंचाई आणि सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना, इंग्लंडच्या आरोग्य सेवेने एक विलक्षण उपाय जाहीर केला. डॉक्टरांनी २०१९-२० चा हा कर योजनेमार्फत भरावा आणि निवृत्तिवेतनात होणारी घट निवृत्तीच्या वेळी सेवेने भरून द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. शासनाच्या एका हाताने बसवलेला कर दुसऱ्या हाताने परत द्यावयाचा, तोही केवळ एका व्यवसायाला आणि केवळ एका वर्षासाठी. त्याच नियमाने बाधित झालेल्या न्यायाधीशांना, सैन्यातील अधिकाऱ्यांना किंवा महाविद्यालयीन प्राध्यापकांना या उपायाचा लाभ नव्हता. कायद्यातील दोष कायद्यात दुरुस्त न करता अनुदानाने झाकणे, ही पद्धत समर्थनीय म्हणता येत नाही.

मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात ऋषी सुनक यांनी उंबरठा २,००,००० वर आणि समायोजित उत्पन्नाची मर्यादा २,४०,००० वर नेली. त्याबरोबरच किमान वार्षिक मर्यादा १०,००० वरून ४,००० वर आणली. मार्च २०२३ मध्ये जेरेमी हंट यांनी वार्षिक मर्यादा ६०,०००, समायोजित उत्पन्नाची मर्यादा २,६०,००० आणि किमान मर्यादा पुन्हा १०,००० केली. आजीवन मर्यादेवरील कर त्याच एप्रिलपासून बंद झाला आणि ती मर्यादा, जी तोपर्यंत १०,७३,१०० होती, एप्रिल २०२४ पासून रद्दच झाली.

बहुसंख्य डॉक्टर यामुळे उंबरठ्याच्या आत आले, हे मान्य केले पाहिजे. परंतु रचना तीच राहिली, केवळ खड्डा रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर सरकला. आज समायोजित उत्पन्न २,६०,००० ते ३,६०,००० पौंड असलेल्या आणि मर्यादेपुरते अंशदान असलेल्या व्यक्तीचा आयकराचा सीमांत दर ४५ अधिक २२.५, म्हणजे ६७.५ टक्के होतो. आजीवन मर्यादा रद्द करण्याचे समर्थन डॉक्टरांच्या नावाने झाले, पण लाभ मात्र वित्तसंस्थांतील उच्चपदस्थांनाही तितकाच, किंबहुना अधिक मिळाला. मजूर पक्षाने हा निर्णय फिरविण्याची घोषणा केली होती, पण २०२४ च्या निवडणुकीपूर्वी ती मागे घेतली. नियम वारंवार बदलण्याचा धोका त्यांनाही जाणवला असावा.

समर्थकांचा युक्तिवाद

एक लाखाहून अधिक मिळविणारे लोक समाजाच्या वरच्या थरातील आहेत, त्यांच्या करभाराविषयी इतकी कणव कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. हा प्रश्न गैर नाही. निवृत्तिवेतनावरील सवलतीचा मोठा वाटा वरच्या दराने कर भरणाऱ्यांकडे जातो आणि ती मर्यादित करण्याचा शासनाचा हेतू रास्त होता. परंतु हेतू रास्त असल्याने साधन रास्त ठरत नाही. करमुक्त मर्यादेची उतरण आणि वार्षिक मर्यादेची उतरण या दोन्ही तरतुदींनी सर्वांत श्रीमंतांवर सर्वांत अधिक भार टाकलेला नाही. भार पडला तो त्यांच्या खालच्या, वेतनावर जगणाऱ्या थरावर. स्वतःच्या कंपनीतून लाभांश घेणारा मालक उत्पन्न कोणत्या वर्षी दाखवावयाचे हे ठरवू शकतो. शासकीय रुग्णालयातील डॉक्टरला ते स्वातंत्र्य नाही.

सवलत सर्वांना एकाच दराने द्यावी, हा पर्याय २०१५ मध्ये शासनाने विचारार्थ ठेवला होता आणि मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात तो बाजूला पडला. निश्चित लाभ योजनांत अशी सवलत कशी मोजावयाची ही अडचण खरी आहे. तरीही करमुक्त मर्यादा सर्वांना ठेवून त्याऐवजी ४५ टक्क्यांचा टप्पा खाली आणणे, हा सरळ मार्ग मोकळा होता. तितकाच महसूल उघड दराने मिळविता आला असता. उघड दर लावण्याचे राजकीय धैर्य नसल्याने छुपा दर लावला गेला. करमुक्त मर्यादा व टप्पे एप्रिल २०३१ पर्यंत गोठविलेले असल्याने वेतनवाढीबरोबर दरवर्षी नवे लोक या पट्ट्यात ढकलले जात आहेत. वेतनाचा काही भाग सोडून देऊन त्याबदल्यात मालकाने अंशदान भरावयाच्या पद्धतीतील राष्ट्रीय विम्याची सूटही एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांपर्यंत मर्यादित होणार आहे. आयकरातील ६० टक्क्यांची सवलत मात्र त्याने कमी होत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात निवृत्तिवेतनाचा प्रश्न चर्चिला जातो तो प्रामुख्याने जुन्या व नव्या योजनेच्या अंगाने. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्राच्या सेवेत आलेल्या प्राध्यापकांना ही चर्चा सांगण्याची गरज नाही. कराच्या अंगाने मात्र ब्रिटनसारखीच वळणे येथेही दिसू लागली आहेत. २०२० च्या वित्त अधिनियमाने भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय पेन्शन योजना व सेवानिवृत्ती निधी यांतील मालकाच्या एकत्रित अंशदानावर वर्षाला साडेसात लाखांची मर्यादा घातली. २०२१ पासून भविष्यनिर्वाह निधीतील कर्मचाऱ्याच्या अडीच लाखांवरील अंशदानाचे व्याज करपात्र झाले. या मर्यादा ठोक आहेत, उत्पन्नाबरोबर उतरणाऱ्या नाहीत. त्यामुळे ब्रिटनमधील गुंतागुंत टळली आहे.

परंतु छुपा सीमांत दर भारतातही आहे, आणि अंशदानाशी त्याचा संबंधही आहे. वित्त अधिनियम २०२५ ने ठरविलेल्या नव्या कररचनेनुसार ५० लाख रुपये करपात्र उत्पन्नावर उपकर वगळता १०,८०,००० रुपये कर होतो. त्यापुढे १० टक्के अधिभार सुरू होतो, पण वाढीव कर वाढीव उत्पन्नापेक्षा अधिक होऊ नये म्हणून सीमांत दिलासा दिला जातो. या दिलाशाचाच अर्थ असा की ५० लाख ते सुमारे ५१ लाख ६१ हजार या पट्ट्यात मिळविलेला प्रत्येक रुपया पूर्णपणे करात जातो. चार टक्के उपकर धरता एक रुपया चार पैसे. नव्या रचनेत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अंशदानाला वजावट नाही. मालकाने राष्ट्रीय पेन्शन योजनेत भरलेल्या, मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतच्या रकमेला मात्र ती आहे. म्हणून साडेएकावन्न लाख करपात्र वेतन असलेल्या व्यक्तीच्या मालकाने त्यातील दीड लाख रुपये वेतनाऐवजी पेन्शन योजनेत भरले, तर तिचा कर उपकरासह १,५६,००० रुपयांनी कमी होतो. निवृत्तीसाठीची दीड लाखांची ठेव तिला फुकट पडते आणि वर सहा हजार रुपये हातात राहतात. शेजारच्या कार्यालयात तेवढ्याच वेतनावर काम करणाऱ्या, पण ज्याचा मालक ही योजना देत नाही अशा व्यक्तीला या दीड लाखांपैकी काहीच मिळत नाही आणि बारा लाखांच्या करमाफीच्या लगतच वर, सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत अडकलेल्या लहान वेतनधारकाची स्थितीही याहून वेगळी नाही.